जुनी मोटारसायकल घेताय? आरसी बुकावर नाव चढेपर्यंत व्यवहार अर्धाच आहे

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत मोटारसायकल ही हौस राहिलेली नाही. कर्जत-खोपोली मार्गावर लोकल मोजक्याच. कशेळे, कडाव, खांडस या पट्ट्यात संध्याकाळची एसटी चुकली की घरी पोहोचायची चिंता सुरू होते. खोपोली, सावरोली, रसायनी-पाताळगंगा इथल्या कारखान्यांची तिसरी पाळी सुटते तेव्हा रस्त्यावर वाहन मिळत नाही. त्यामुळे नोकरी लागली की आपला तरुण पहिली वस्तू घेतो ती गाडी, आणि बहुतेकांची पहिली गाडी जुनीच असते. विहारातलं शिबिर, शाखेची बैठक, जयंतीची वर्गणी, कुणाच्या घरी दुःखद प्रसंग, सगळीकडे पोहोचायला हीच गाडी असते.

पण आपल्याकडे ही खरेदी कशी होते? गाडी चालू करून बघितली, पिकअप बघितला, पैसे मोजले, आरसी बुक आणि सही केलेले फॉर्म खिशात घातले, झाला व्यवहार. नाव नंतर चढवू. हे 'नंतर' वर्षानुवर्षं येत नाही. मग एक दिवस अपघात होतो, किंवा पोलीस दारात येतात, आणि कळतं की कागदावर गाडी अजून दुसऱ्याचीच आहे. आपल्या अनेक घरांत कमावणारा एकच असतो. अशा घराला एका अपघाताची नुकसानभरपाई भरायची वेळ आली तर जमिनीचा तुकडा किंवा अंगावरचा दागिना जातो. म्हणून आम्ही हा विषय सविस्तर मांडत आहोत.

कायदा मालक कुणाला म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो मालक. पैसे कुणी दिले, चावी कुणाकडे आहे, गाडी कुणाच्या दारात उभी राहते, याला इथे महत्त्व नाही. (कर्जावर घेतलेल्या गाडीत करारानुसार जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती मालक धरली जाते, फायनान्स कंपनी नव्हे.)

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. त्या प्रकरणातली मोटार २००७ पासून एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती. २००९ मध्ये तिच्यामुळे अपघात झाला आणि एक जीव गेला. मूळ मालकाचं म्हणणं होतं की गाडी मी केव्हाच विकली, आरसी आणि फॉर्म २९, ३० सुद्धा देऊन टाकले. उच्च न्यायालयाने ते मानलं. सर्वोच्च न्यायालयाने मानलं नाही. नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची, असा निकाल लागला. अपघातग्रस्ताने गाडी कुणाकुणाच्या हातातून फिरली याचा शोध घेत बसायचं का, हा त्यामागचा साधा विचार होता.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्या. विकणाऱ्याने फॉर्मवर सही करून दिली म्हणजे तो सुटला नाही. आणि घेणाऱ्याने स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, नोटरी केली, म्हणून तो मालक झाला नाही. स्टॅम्प पेपर हा व्यवहाराचा पुरावा आहे. मालकी बदलते ती परिवहन कार्यालयाच्या नोंदीत.

कार्यकर्त्यांसाठी यात आणखी एक धोका आहे. मोर्चा असो, रॅली असो की रस्त्यावरची बाचाबाची, सीसीटीव्हीत चेहरा दिसो न दिसो, नंबर प्लेट दिसते. त्या नंबरावरून पोलीस पहिल्यांदा पोहोचतात ते नोंदणीकृत मालकाकडे. तीन वर्षांपूर्वी विकलेली पण नावावरून न उतरवलेली गाडी कुठे काय करत फिरत आहे, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

पैसे देण्याआधी मोबाईलवर काय बघायचं

गाडी बघायला जाण्याआधी नंबर मागून घ्या. परिवहन विभागाच्या 'एम-परिवहन' अॅपवर किंवा 'वाहन' पोर्टलवर तो नंबर टाकला की बरीच माहिती मिळते: नोंदणीची तारीख, नोंदणी कधीपर्यंत वैध, विमा कधी संपतो, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, गाडी काळ्या यादीत आहे का. मालकाचं नाव अर्धवट दिसतं, पण समोरचा माणूस तोच आहे का हे ताडायला तेवढं पुरतं.

थकलेली ई-चलनं वाहतूक पोलिसांच्या चलन पोर्टलवर बघा. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तरी तिथून गेलेल्या गाड्यांवर चलनं असू शकतात. जी काही असतील ती विकणाऱ्याने भरावीत, नाहीतर तेवढी रक्कम भावातून कापून घ्यावी.

नंबरची सुरुवातही बघा. कर्जत-खालापूरची गाडी पनवेल कार्यालयाची, म्हणजे 'एमएच-४६'. त्याआधीच्या गाड्या पेण कार्यालयाच्या 'एमएच-०६'. आपल्या बाजारात कल्याणची 'एमएच-०५', ठाण्याची 'एमएच-०४', नवी मुंबईची 'एमएच-४३', घाटावरून पुण्याच्या 'एमएच-१२' आणि 'एमएच-१४' या गाड्याही भरपूर येतात. बाहेरच्या कार्यालयाची गाडी असेल तर सौदा ठरवण्याआधी पनवेल कार्यालयात कोणते कागद लागतील ते विचारून घ्या. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८) लागतंच आणि इथला करही भरावा लागतो. 'स्वस्तात मिळते' म्हणून घेतलेली परराज्यातली गाडी शेवटी महाग पडते, ती अशी.

कागद कोणते आणि कशासाठी

आरसी: मूळ प्रत किंवा स्मार्ट कार्ड हातात घ्या. हरवली असेल तर विकणाऱ्याने आधी दुय्यम प्रत (फॉर्म २६) काढून द्यावी. 'झेरॉक्सवर काम होतं' यावर विश्वास ठेवू नका.

फॉर्म २९ आणि ३०: यांनाच आपल्याकडे टीटी फॉर्म म्हणतात. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने कार्यालयाला दिलेली खबर, फॉर्म ३० म्हणजे दोघांनी मिळून केलेला अर्ज. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊ नका आणि देऊ तर अजिबात नका. नाव, तारीख, नंबर भरूनच सही.

कर्जाचा बोजा: आरसीवर फायनान्स कंपनीचं किंवा बँकेचं नाव असेल तर हप्ते फिटले असं तोंडी सांगणं पुरत नाही. कंपनीचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. तो बोजा उतरल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. हप्ते थकल्यामुळे कंपनीने ओढून आणलेल्या गाड्यांचा लिलाव होतो, त्यातली गाडी घेताना कंपनीचं विक्रीपत्र आणि हेच कागद तिच्याकडूनच घ्या, मधल्या माणसाकडून नाही.

मालक हयात नसेल तर: गावात असं बरेचदा होतं. वडील वारले, गाडी त्यांच्या नावावर, मुलगा विकायला निघतो. आधी गाडी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर होऊ द्या, मगच घ्या. नाहीतर उद्या दुसरा भाऊ किंवा बहीण हक्क सांगायला येईल आणि तुमच्याकडे उत्तर नसेल.

उच्च सुरक्षा नंबर प्लेट: १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात ही प्लेट बसवणं सक्तीचं आहे. दुचाकीसाठी दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. प्लेट नसेल तर नाव बदलण्याचं काम अडवलं जातं. नोंदणी परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा, त्या नावाने फसवणारी संकेतस्थळं फिरत असतात.

पंधरा वर्षांचा हिशोब: दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील दुचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क १ हजार रुपये झालं, शिवाय पर्यावरण कर वेगळा. तेव्हा २०१२ ची गाडी २०२६ मध्ये घेत असाल तर वर्षभरात हा खर्च येणार आहे हे धरूनच भाव करा.

नाव बदलण्याचं मूळ सरकारी शुल्क दुचाकीसाठी १५० रुपये आहे. त्यात स्मार्ट कार्ड आणि टपालाचा खर्च मिळवा. एजंट जे हजार-दोन हजार सांगतो त्यात बाकी सगळं त्याच्या फेऱ्यांचं असतं. अर्ज परिवहन पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. मात्र ओटीपी नोंदणीकृत मालकाच्या मोबाईलवर जातो. म्हणून विकणाऱ्याचा चालू नंबर नोंदीत आहे का हे व्यवहाराच्या दिवशीच तपासा, आणि जमलं तर पैशांचा शेवटचा हिस्सा देतानाच दोघांनी एकत्र बसून अर्ज भरा.

चोरीची गाडी ओळखायची कशी

चेसिस नंबर हँडलच्या खाली, फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. इंजिन नंबर इंजिनच्या केसिंगवर असतो. दोन्ही कापडाने पुसून आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. घासल्याच्या खुणा, वाकडेतिकडे अंक, त्या जागी ताजा रंग किंवा वेल्डिंग दिसलं तर तिथूनच मागे फिरा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर गाडी चोरीच्या नोंदीत आहे का तेही बघता येतं.

बाजारभावाच्या निम्म्यात, कागदाविना, रातोरात मिळणारी गाडी का स्वस्त आहे हे घेणाऱ्यालाही कळत असतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीची वस्तू जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसरं शील रोज विहारात म्हणणाऱ्याला हे कलम पाठ असायची गरज नाही.

गाडी बघताना

दिवसा जा, सोबत ओळखीचा मेकॅनिक न्या. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या किकला किंवा सेल्फला उठलं पाहिजे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जाळत आहे, म्हणजे मोठं काम निघणार. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते तुलनेने कमी खर्चाचं आहे.

गाडी मधल्या स्टँडवर लावून पुढचं चाक हाताने हलवा. हँडल फिरवताना मध्येच अडकलं तर बेअरिंग गेलं. मागचं चाक आडवं हललं तर बुश गेलेत. समोरून उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघा. नसतील तर चेसिस वाकलेली असू शकते. शॉकअपच्या दांड्यावर तेल दिसलं तर सील गेलं. टायरच्या कडेला चार आकडी छाप असतो. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षांचा कडक टायर पावसात घसरतो.

मीटरवरच्या किलोमीटरवर जाऊ नका, ते मागे फिरवता येतात. पायाच्या रबराची, ब्रेक पेडलची आणि हँडलच्या ग्रिपची झीज बघा. मीटर २० हजार दाखवतं आणि पेडल गुळगुळीत झालेलं असेल तर कोण खोटं बोलतंय ते समजा.

आपल्या भागात सगळ्यात महत्त्वाची तपासणी पाण्याची. उल्हास आणि पाताळगंगा दरवर्षी पात्र सोडतात. २६ जुलै २००५ ला, जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणी पट्ट्यात, जुलै २०२१ मध्ये महाडला असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. बुडालेली गाडी धुऊन, पॉलिश करून विकायला येते. सीट काढून खालचा गंज बघा, एअर फिल्टरच्या डब्यात आणि हेडलाइटमध्ये गाळाच्या रेषा शोधा, मीटरच्या काचेत आतून धुकं आहे का बघा, इंजिन ऑइल दुधाळ दिसतंय का बघा. वायरिंगमध्ये गेलेलं पाणी सहा महिन्यांनी रात्री घाटात गाडी बंद पाडतं.

ब्रेकचंही तसंच. खोपोलीहून लोणावळ्याला जुन्या घाटाने जाणारा, किंवा नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंत रोज पर्यटकांसाठी फेऱ्या मारणारा, यांनी ब्रेकवर तडजोड करू नये. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही चाकांचा एकत्रित ब्रेक सक्तीचा झाला. दोन गाड्या सारख्याच भावात मिळत असतील तर यानंतरची घ्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. ती गाडी धूर कमी सोडते, पण वाडीतल्या गॅरेजमध्ये तिचं सगळं काम होईलच असं नाही. आपल्या गावाजवळ कोण दुरुस्त करतं हे आधी विचारा.

विमा: मागे बसलेल्याचं काय?

विमा संपलेली गाडी घरापर्यंत चालवत आणू नका. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे ७५ ते १५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता ७१४ रुपये, १५० ते ३५० सीसीचा १,३६६ रुपये, वर जीएसटी.

चालू विमा असलेली गाडी घेतली तर कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी संरक्षण नव्या मालकाकडे आलं असं मानलं जातं, पण १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण असं आपोआप येत नाही. चालवणाऱ्या मालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही नोंदणीकृत मालकासाठीच असतो. गाडी नावावर नाही, लायसन्स नाही, तर तुमच्या पश्चात घरच्यांना त्यातलं काही मिळणार नाही.

फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसणाऱ्याचा समावेश नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात हेच सांगितलं. आपले कार्यकर्ते शिबिराला, सभेला, चैत्यभूमीला नेहमी डबलसीट जातात. अपघातात मागचा सहकारी जखमी झाला तर त्याची भरपाई चालवणाऱ्यावर आणि मालकावर येते. पॉलिसी घेताना मागे बसणाऱ्याचं संरक्षण वेगळं मागून घ्या. रक्कम थोडी वाढते, पण मैत्री आणि घर दोन्ही वाचतं.

मंडळाची गाडी आणि मागून नेलेली गाडी

काही ठिकाणी वर्गणीतून कामासाठी गाडी घेतली जाते. संस्था नोंदणीकृत असेल तर गाडी संस्थेच्या नावावर घ्या. नसेल तर ज्याच्या नावावर घ्याल त्याच्याबद्दल लेखी ठराव करा: पैसे कुणाचे, विमा कोण भरणार, तो बाहेर पडला तर गाडीचं काय. हे लिहिलेलं नसेल तर पुढे गाडीवरून संघटना फुटते.

१४ एप्रिलच्या रॅलीसाठी गाडी मागून नेणं ही आपली पद्धतच आहे. देणाऱ्याने एवढं बघावं: नेणाऱ्याकडे लायसन्स आहे का, विमा चालू आहे का. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याच्याकडून गुन्हा घडला तर कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणीही बारा महिन्यांसाठी रद्द होते. सतरा वर्षांच्या पोराचा हट्ट मोडणं एका दिवसाचं काम आहे. हा खटला वर्षानुवर्षं चालतो.

सौद्याच्या दिवशी

भाव ठरवताना गाडीच्या किमतीतून टायर, चेन-स्प्रॉकेट, विमा, नंबर प्लेट, नाव बदलण्याचा खर्च आणि थकलेली चलनं वजा करा. इसार दिला तर पावती घ्या. उरलेले पैसे बँकेतून किंवा यूपीआयने, नोंदणीकृत मालकाच्याच खात्यात द्या. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. सकाळच्या अपघाताची किंवा चलनाची जबाबदारी कुणाची, हे त्या वेळेवरून ठरवताना पुरावा म्हणून ही पावती उपयोगी पडते.

जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेत असाल तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचं प्राधिकरण प्रमाणपत्र आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याला ते घ्यावं लागतं, आणि गाडी दुकानात जमा झाल्याची खबरही ऑनलाइन द्यावी लागते. विकणाऱ्यांनीही गाडी अशा दुकानात देताना त्या खबरीची पोच मागून घ्यावी.

आणि ज्यांच्या दारात आज दुसऱ्याच्या नावावरची गाडी उभी आहे, किंवा ज्यांची विकलेली गाडी अजून स्वतःच्याच नावावर फिरत आहे, त्यांनी या आठवड्यात एक काम करावं: एम-परिवहनवर तो नंबर टाकून बघावा आणि समोरच्या माणसाला फोन करावा. माणूस सापडतो आहे तोवरच हे काम सोपं आहे. प्रत्येक शाखेने आणि विहार समितीने एका रविवारी तासभर बसून तरुणांचे हे कागद तपासले, तर कर्जत-खालापूरमधली कितीतरी घरं एका मोठ्या संकटापासून वाचतील.

जय भीम. नमो बुद्धाय.